‘पळा’ म्हणणारा कप्तान

माझ्या सासरी भांडणं फारशी झाली नाहीत, पण लढाई मात्र एक अख्खा हिवाळा चालली होती. तीही बाहेरच्या खोलीत, टीव्हीसमोर, आवाज पूर्ण बंद करून. आमच्या ह्यांची पॉवर हाऊसमध्ये बहुतेक रात्रपाळी असायची आणि दिवसा ते आतल्या खोलीत झोपलेले असायचे. त्यामुळे आमच्याकडे राक्षस मेला तरी कुजबुजतच मरायचा.

मी लग्न होऊन भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये आले तेव्हा ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. माहेर खालापूरकडचं, शिक्षण बारावी, इंग्रजी वाचायला बरं आणि बोलायला भीत भीत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्याच पॉवर हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये उभं आयुष्य काढून नुकतेच निवृत्त झाले होते. ह्यांनाही तिथंच नोकरी लागली होती, म्हणून क्वार्टर सुटलं नव्हतं. सासूबाई पोशीरच्या शेतकऱ्याची लेक. भात लावणीपासून झोडणीपर्यंत सगळं केलेली बाई, तिला तीन खोल्यांचं घर म्हणजे बसून खाण्याची शिक्षाच वाटायची.

घरात सगळं ठीक होतं, एक सोडून. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. कर्जतच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की उजवा पिकलाय, डावाही पिकत आलाय, ऑपरेशन करून टाका, फार दिवस ठेवलात तर डोळा हातचा जाईल. मामंजी ‘बरं’ म्हणून घरी आले ते आलेच. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच ऑपरेशन झालं होतं. ते महाशय मळणी सुरू झाली म्हणताच डोळ्याची पट्टी स्वतःच्या हातानं काढून खळ्यावर जाऊन उभे राहिले. भाताचा भुसा डोळ्यात गेला आणि डोळा कायमचा गेला. ह्यातून सगळ्या खानदानानं एकच अर्थ काढला होता, की ऑपरेशननं डोळा जातो. भुशाचं नाव कोणी घेत नव्हतं.

“मला समदं दिसतंय,” मामंजी म्हणायचे. एकदा सायकलवरून पेपर आणायला स्टेशनकडे निघाले आणि बांधावरून सरळ शेतात उतरले. चिखलानं माखून आले, तर म्हणाले ब्रेक लागत नाय. सासूबाईंनी ब्रेक दाबून पाहिला. चांगला लागत होता. दुसऱ्या दिवशी सायकलच्या चाकातली हवा गेलेली होती आणि ती पुढं कधी भरली गेली नाही.

अशा घरात धाकटे दीर सुट्टीवर आले. ते बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. ह्या खेपेला त्यांनी चॉकलेटं, परफ्यूम वगैरे नेहमीचं काही आणलं नव्हतं. आणला होता टीव्हीला जोडायचा एक कीबोर्ड, त्याच्या पोटातच कॉम्प्युटर, आणि सोबत टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. कॅसेट लावली की टेपमधून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज यायचा, बराच वेळ यायचा, आणि मग आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर एक भुयार दिसायचं. त्या पहिल्या आवाजानं हे झोपेतून उठून बाहेर आले होते. पॉवर हाऊसमध्ये काही बिघडलं असं त्यांना वाटलं.

खेळ असा की आपण चार माणसं घेऊन त्या भुयारात उतरायचं आणि तळाशी बसलेल्या राक्षसाला गाठायचं. चौघांचं काम वेगळं. एक तलवारवाला, तो पुढं राहून मार खातो. एक तिरंदाज. एक जादूगार, ज्याची जादू मोजकी, वापरली की विश्रांती घेईपर्यंत संपली. आणि एक औषधपाणी करणारी. समोर कोणी आलं की खेळ थांबतो आणि विचारतो, बोला, कोण काय करणार? मारणार, ढाल धरणार, जादू करणार, की सगळेच पळणार? चौघांचं ठरवून सांगितलं की बटण दाबायचं, आणि मग खालच्या ओळींत एकेक निकाल उमटत जातो. कोणाचा वार लागला, कोणाचा हुकला, कोणाचा किती जीव उरला. त्या ओळी उमटत असताना काही करता येत नाही, नुसतं बघत बसायचं. भात शिजतोय की करपतोय हे झाकण उघडेपर्यंत कळत नाही, तसंच ते.

दिरांना वाटलं होतं आपण एकटे खेळू. पण सासूबाई पदर खोचून पुढं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तलवार माझी.”

“आई, तो पुरुष आहे,” दीर म्हणाले.

“कशावरून रं? डोक्यावर टोप हाय का अंबाडा हाय, हितं कुनाला कळतंय?” झालं. तलवारवाला त्या दिवसापासून बाई झाला. दीर जादूगार झाले. औषधपाणी माझ्याकडे आलं, सुनेकडे दुसरं काय येणार? आणि तिरंदाज मामंजींना दिला. शेवटचं बटण दाबायचा मानही त्यांचाच, कारण आमच्या घरात मामंजी असताना शेवटचं बटण दुसऱ्या कोणी दाबणं शक्य नव्हतं.

पहिल्या लढाईत मोठाले उंदीर आले. सासूबाई म्हणाल्या, “उंदरांना तलवार कशाला? पिंजरा लावा.” मी इंग्रजी वाचून पिंजरा नाही असं सांगितलं. मग त्यांनी उंदरांना पोशीरच्या भाषेत जे सुनावलं, ते सोसून एखादा उंदीर जिवंत राहिला असता तर मला नवल वाटलं असतं. पण तेवढ्यात मामंजी म्हणाले, “पळा,” आणि बटण दाबून मोकळे झाले.

पुढच्या वेळी कोळी आले. “पळा.” मग हाडांचे सापळे आले. “पळा.” वटवाघळं आली, तरी पळा. आमचे चौघे त्या भुयारातून असे पळत होते की मागं वाघ लागलाय. आणि पळण्यातही सगळं फुकट नसायचं. कधी पाय अडायचा, कधी मागून वार बसायचा. दीर वैतागले. लढल्याशिवाय अंगात बळ वाढत नाही, हा खेळाचा नियमच होता. आमचे चौघे आठवडा उलटला तरी पहिल्या दिवशी होते तसेच दुबळे.

आम्ही मामंजींची चेष्टा करायचो. त्यांच्या पळण्याचं कारण आम्हाला पक्कं ठाऊक आहे असं आम्हाला वाटायचं. कंट्रोल रूममध्ये जन्म गेला, तिथं काटा तांबड्या रेषेकडे सरकला की आधी मशीन बंद करायचं, विचार नंतर. “बाबांनी राक्षस पण ट्रिप केला,” असं दीर म्हणायचे. मामंजीही हसायचे, जरा उशिरा.

एकदा असंच पळताना सासूबाईंची तलवारवाली मागून वार बसून मेली. सासूबाई टीव्हीवरून वळल्या. मग मामंजींना म्हणाल्या, “मी पुढं हुती. तुमी मला पाठ फिरवायला लावलीत.” त्या दिवशी मामंजींच्या ताटात दुसरी भाकरी आपण होऊन आली नाही, मागावी लागली. कॅसेटवर भरून ठेवलेल्या आधीच्या जागेपासून पुन्हा खेळता येईल, मग ती जिवंत होईल, असं दिरांनी सुचवलं. मामंजी कडक आवाजात म्हणाले, “झालं ते झालं. मागची नोंद खोडायची नाय.” तेव्हा सासूबाईंनी नवी तलवारवाली घेतली आणि ती मेलेलीची धाकटी बहीण आहे असं जाहीर केलं. तिला बदला घ्यायचा होता. खरं सांगते, तिथून खेळाला रंग चढला. मरणारं माणूस खरंच मरतं म्हटल्यावर प्रत्येक बटणाला वजन आलं.

आणि मग ती दुपार. भुयाराच्या एका वळणावर एक म्हातारा उभा होता. हातात कंदील, कमरेत वाकलेला. खाली ओळ आली की हा वाटसरू आहे, तुम्हाला कंदील देऊ इच्छितो, घेणार का? मी ती मनात वाचून संपवतेय, तोच मामंजी घाईनं म्हणाले, “पळा, पळा! लई मोठा हाय ह्यो!”

दीर खो खो हसले. आतून ह्यांनी भिंतीवर थाप मारली, हळू म्हणून. मीही हसायला लागले आणि मध्येच थांबले. मामंजी टीव्हीकडे बघत होते, पण नीट पाहिलं तर टीव्हीच्या जरा बाजूला बघत होते. त्यांना म्हातारा दिसत नव्हता. त्यांना उंदीर, कोळी, वटवाघूळ, काहीच दिसलं नव्हतं. त्यांना दिसत होता एक राखाडी डाग, आणि तो डाग प्रत्येक वेळी त्यांना भिंतीएवढा वाटत असणार. कंट्रोल रूममध्ये कुठला काटा कुठं आहे हे हाताला पाठ होतं, तिथं भागून गेलं. इथं दर वेळी नवंच काहीतरी पुढं यायचं. माणूस भित्रा नव्हता, त्याला काही दिसतच नव्हतं, आणि आम्ही सगळे त्याला हसत होतो. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून उगाच पाणी पिऊन आले.

तोंडावर काही म्हणायची सोय नव्हती. “दिसत नाही का?” म्हटलं असतं तर ते उठून गेले असते आणि पुन्हा टीव्हीसमोर बसले नसते. मी ह्यांना विचारलं, की तुमच्याकडे पाळी बदलताना काय करता? ते म्हणाले, जाणारा माणूस एकेक गोष्ट मोठ्यानं सांगतो, पहिलं मशीन चालू, दुसरं बंद, तिसऱ्याचं बेअरिंग गरम, आणि येणारा तेच शब्द मोठ्यानं परत म्हणतो. त्याशिवाय चार्ज घेतला असं होत नाही. कोणी कितीही तीक्ष्ण नजरेचा असो, त्याला सांगायचं आणि त्यानं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी मी मामंजींच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, “मामा, इंग्रजी मला सारखं मनात वाचून लक्षात राहत नाही. मी मोठ्यानं म्हणू का?”

“म्हन की.”

“समोर तिघं. दोघं बुटके, हातात काठ्या. मधला उंच, ढाल आहे.”

मामंजींची पाठ एकदम ताठ झाली. “समोर तिघं,” ते म्हणाले. “दोघं बुटके, काठ्या. मधला उंच, ढाल.” मग म्हणाले, “आपलं सांग.”

“आत्यांचा, म्हणजे तलवारवालीचा, जीव भरलेला. तुमचा निम्मा. भावजींची जादू दोनदा पुरेल.”

त्यांनी तेही म्हटलं. मग पाय वर घेऊन मांडी घातली. “ढालवाल्याला कोनी हात लावू नका. आधी बुटके. जादू ठेव रं, आता नको. सूनबाई, तू कुनाला औषध देऊ नको, ढाल धर.” आणि बटण दाबलं.

पळा म्हणाले नाहीत! सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी टीव्हीकडे पाहिलं.

त्यानंतरचे दिवस काय सांगू. माझा पुतण्या, म्हणजे त्याच दिरांचा मुलगा, आता भिंतीएवढ्या पडद्यावर असलेच खेळ खेळतो. त्यात रक्त उडतं, ढाल चकाकते, राक्षसाच्या अंगावरचा केस न् केस दिसतो. त्याला वाटतं आमच्या त्या ठिपक्यांच्या लढाईत काय मजा असणार? मी त्याला सांगते, मारण्यात मजा नसतेच मुळी. मजा असते ती ‘आता काय करू’ ह्या प्रश्नात. जादू आत्ता उडवू की पुढच्या वळणासाठी ठेवू? सासूबाईंना अजून एक वार सोसेल का? एकाचं काम दुसऱ्याला जमत नाही, म्हणून चौघांची गरज लागते. आणि चुकलं तर का चुकलं ते कळतं, हे फार मोठं. नशिबानं हरलो तर माणूस चिडतो, आपल्या चुकीनं हरलो तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसतो. सासूबाईंचं म्हणणं त्याहून सोपं होतं. शेतातली चिंबोरी धरायची तर तिच्या नांग्या कुठं आहेत ते आधी बघावं, मग हात घालावा. बघितल्याशिवाय हात घातला तर भीती वाटते, आणि हातच घातला नाही तर कालवण होत नाही.

मामंजी कमालीचे कप्तान निघाले. धीर असा की दीर चुळबुळत असायचे आणि हे एकेक ओळ माझ्याकडून ऐकून, परत म्हणून, मगच बोलायचे. जेवताना लढाई, भाजी निवडताना लढाई. निवृत्त झाल्यापासून ज्या माणसाला दिवस खायला उठायचा, तो दुपारची वाट बघू लागला. पण मला मनातून बोचत होतं. मी त्यांना डोळे दिले होते, आणि त्यामुळे आता त्यांना कर्जतला जायचं कारणच उरलं नव्हतं. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, “समदं दिसतंय की. कालच्या सापळ्याला कुनी मारला?”

दिरांची सुट्टी संपत आली तेव्हा आम्ही तळाशी पोचलो. दार उघडलं, आणि तो शेवटचा राक्षस पडद्यावर आला. मी श्वास घेतला आणि सुरुवात करणार, तोच सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, जा, चा ठेव.”

“आत्ता?”

“आत्ताच.”

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, मी उठले. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, चहा कुठला ठेवते! मामंजी वाट बघत होते. खेळही वाट बघत होता. “सूनबाई कुटं गेली? सांग की समोर काय हाय,” ते म्हणाले.

“तुमीच सांगा,” सासूबाई म्हणाल्या. “तुमाला समदं दिसतंय ना?”

दीर कधी आईकडे बघत, कधी वडलांकडे. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. मामंजी पुढं वाकले, मान तिरकी केली, डोळा बारीक केला. मला वाटलं आता उठून जातील, आणि सगळं संपेल, खेळ पण आणि डोळा पण. ते तसेच वाकून राहिले. मग मागं टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, “नाय दिसत.”

सासूबाईंचे डोळे भरून आले, पण त्या बाईनं आवाज फुटू दिला नाही. “मला माहीत हाय,” त्या म्हणाल्या. “सायकलीची हवा मीच सोडली हुती. मी तुमाला दिसते का, ते पन मी इचारत नाय. फकस्त कर्जतला चला.”

“भाऊचा डोळा गेला.”

“भाऊजींनी पट्टी काढली. तुमी काढून बघा, तुमचा हात मोडून ठेवते.”

मामंजी हसले. तेव्हा मला रडू आलं. मी दारातूनच ओरडले, “मामा, एकटाच आहे, पण लई मोठा आहे!” त्यांनी सवयीनं ते परत म्हटलं, “एकटाच, लई मोठा.” मग सासूबाईंकडे तोंड करून म्हणाले, “आधी डोळा. मग ह्यो. पळा!” ते शेवटचं पळणं. आम्ही चौघे दाराबाहेर आलो, दिरांनी तिथवरचा खेळ कॅसेटवर भरून ठेवला, आणि बोटीवर जाताना सगळं यंत्र आमच्याकडेच ठेवून गेले.

ऑपरेशन झालं. पट्टी असेपर्यंत सासूबाई कॉटशेजारीच बसलेल्या असायच्या, हात मोडायच्या तयारीनं. मामंजींना डोळ्याची काळजी नव्हतीच. ते पडल्या पडल्या मला बोलावून विचारायचे, जादू किती उरलीय, औषध किती, तिरंदाजानं मागं राहावं की बाजूला. जखम भरल्यावर जाड भिंगाचा चष्मा आला. तो लावून ते घरभर फिरले, कॅलेंडर वाचलं, माझ्या कुंकवाचा रंग पाहिला, सासूबाईंना नीट न्याहाळून “बरी हाईस की” म्हणाले. सासूबाई त्या दिवशी दोन वेळा भाजी खारट करून बसल्या.

मग दुपारी आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो. दिरांच्या जादूगाराचं काम मी माझ्याकडे घेतलं. टेपचा आवाज झाला, हे आतून कुरकुरले, भुयार आलं, दार उघडलं.

मामंजींनी चष्मा पुढं मागं करून त्या राक्षसाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चौकोन चौकोन जोडून केलेला, एक पाय आखूड, शेपूट वाकडी.

“ह्यो?” ते म्हणाले. “ही तर घोरपड हाय. तीबी लंगडी.” सासूबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. “ह्याच्यासाठी मी डोळा कापून घेतला?”

आम्ही इतके हसलो की हे उठून बाहेर आले, आणि झोप गेलीच म्हणून आमच्यातच बसले. खेळ खाली विचारतच होता, बोला, कोण काय करणार? मामंजींनी बटणावर बोट ठेवलं आणि परत उचललं. चष्मा काढला, नीट घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला, मांडी घातली आणि डोळे मिटून घेतले.

“अशी काय मजा येत नाय,” ते म्हणाले. “सूनबाई, तू शेजारी येऊन बस. चार्ज दे.”